यशोदाबाईंची दुसरी जबानी

मळा, पणजी
४ ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,

आईने तुला फोन केला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. तू म्हणालीस, "फोनवर मी काही सांगणार नाही, पोरीला पत्र लिहायला सांग." मला वाटलं, झालं, मावशीने गोड बोलून कटवलं. पण आई म्हणाली, "तशी नाही ती. डिचोलीच्या कोर्टात इतकी वर्षं उभी आहे, उगाच बोलत नाही." म्हणून लिहितेय. तू आणि आई मावसबहिणी असलात तरी मी तुला लग्नकार्यांतच काय ती पाहिलीय, तेव्हा काही कमीजास्त लिहिलं गेलं तर सांभाळून घे.

लॉ कॉलेज सुरू होऊन महिना झाला. मावशी, मला जमत नाहीये. हळर्णच्या शाळेत मी पहिली यायचे, इथे शेवटच्या बाकावर बसते. सर प्रश्न विचारतात, मला उत्तर येतं, पण ते मराठीत येतं. त्याचं इंग्रजी करून हात वर करीपर्यंत वास्कोची एक मुलगी उत्तर देऊन खालीही बसलेली असते. परवा एक निकाल वाचायला दिला, भला मोठा. मी शब्दकोश घेऊन रडतखडत वाचला. वर्गात कळलं की मी जे पाठ करून आले होते ते हरलेल्या बाजूच्या वकिलाचं म्हणणं होतं, कोर्टाचं नव्हेच. सगळे हसले. सर हसले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

खोलीत माझ्याबरोबर सायली आहे, आमच्याच वर्गातली. तिलाही जमत नाही, पण ती रडत नाही, चिडते. संध्याकाळी पोदेर पाव घेऊन आला की आम्ही दोघी चहा आणि उंडे घेऊन बसतो आणि कॉलेजला शिव्या घालतो. बाबा म्हणतात, होत नसेल तर परत ये, पेडण्यात बी.कॉम. कर. मला परत जायचं नाही. पण इथे राहून तरी काय करू ते तू सांग.

तुझी,
गौरवी

*

डिचोली
१० ऑगस्ट २०२४

गौरवी,

पहिल्याच परिच्छेदात तू सांभाळून घे म्हणालीस. पुढच्या पत्रात ते नको. वकिलाने सुरुवातीलाच मान खाली घातली की न्यायाधीश घड्याळाकडे बघायला लागतो.

हरलेल्या बाजूचं म्हणणं पाठ झालं म्हणून रडतेस? अगं, निम्मे वकील जन्मात ते वाचत नाहीत. माझ्या मते तुझी सुरुवात बरी झाली आहे. इंग्रजीची काळजी सोड. ते अंगवळणी पडतंच, मलाही पडलं, आणि मी तर तुझ्याहून वाईट होते. डोकं आधी चालायला हवं.

आता ऐक. दर पंधरा दिवसांनी मला एक पत्र, मराठीतच. त्यात एक खरं भांडण लिहायचं. कोण, कुठे, केव्हा, कुणाचं काय म्हणणं. तुझं मत अगदी शेवटी आणि थोडक्यात, कारण ते कुणी विचारलेलं नसतं. नावं-गावं बदल. लोकांच्या घरातलं आपण चव्हाट्यावर मांडत नाही. आणि आपल्या माणसाच्या विरुद्ध जे जातं ते सगळ्यात आधी लिहायचं. माणूस वकिलाकडे येतो तो निम्मं पोटात ठेवून येतो. ते काढून घेणं हीच पहिली विद्या. वाईट गोष्ट आपण आपल्या तोंडाने सांगितली तर ती नुसती गोष्ट असते, दुसऱ्याने उकरून काढली की तिचं खोटं होतं.

पत्रं मी लाल शाईने तपासून परत पाठवीन. लाजू नकोस. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावलं की घरी माझी वाट बघणारं कुणी नसतं, त्यामुळे वाचायला वेळच वेळ आहे.

भाग्यलक्ष्मी

*

मळा, पणजी
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

बसमधल्या भांडणाचं आणि आमच्या काकाच्या काजूच्या बांधाचं, दोन्ही पत्रं परत मिळाली. इतकी लाल करून पाठवलीस की सायली म्हणाली, या कागदाला रक्त आलं की काय. पण मावशी, गेल्या आठवड्यात मी वर्गात हात वर केला. चुकतमाकत बोलले, मध्ये एक वाक्य मराठीतच सुटलं, पण सर म्हणाले, फॅक्ट्स नीट मांडल्यास. मी घरी फोन करून सांगितलं. तुला मुद्दाम पत्रात सांगायचं म्हणून थांबले होते.

आता तिसरं भांडण. नावं बदलली आहेत. बाई आहे, तिला आपण रखमा म्हणू. विधवा, साठीची, मूलबाळ नाही. जमिनीचा मालक भाटकार, त्याच्या पोफळीच्या कुळागरात तिचं लहानसं घर आहे. तिची सासू पोर्तुगीज काळापासून तिथे राहायची. भाटकार मुंबईला असतो, आता त्याला सगळी जमीन बाहेरच्या पार्टीला विकायची आहे. म्हणून रखमाने मामलेदारांकडे अर्ज केलाय, दुसऱ्याच्या जमिनीत पिढीजात राहणारी मुंडकार म्हणून माझं नाव लावा. नाव लागलं तर तिला कुणी उठवू शकत नाही. भाटकाराचं म्हणणं, ही कसली मुंडकार, हिला आम्ही माडा-पोफळींना पाणी घालायला राखणदार म्हणून ठेवली होती. नाव लागलं नाही तर बाई रस्त्यावर येईल, दुसरं घर नाही.

मी चवथीला त्या घरी गेले होते. गणपतीवर रानफळांची माटोळी बांधली होती, आंबाडे, कवंडळं, नारळाची पेण, सुपारीचा घड, सगळं तिनेच रानातून गोळा केलेलं. माटोळीसाठी वाशांना चार कड्या आहेत, तीन लोखंडाच्या आणि एक पितळेची. पितळेची सासूच्या माहेरून आलेली. विरुद्ध जाणारं मला काही आढळलं नाही.

माझं मत: गोंयात माणूस कुठेही कामाला असला तरी चवथ करायला आपल्या घरी जातो. राखणदार असता तर भाटकाराच्या जागेत स्वतःचा गणपती बसवून माटोळी कशाला बांधली असती? जिथे माटोळी, तिथे घर.

तुझी,
गौरवी

*

डिचोली
२१ सप्टेंबर २०२४

गौरवी,

माटोळीचा मुद्दा चांगला आहे.

हा विषय मात्र इथे थांबव. या घराबद्दल मला पुढे काही लिहू नकोस. दुसरं एखादं भांडण घे. तुमच्या तिकडे बांधाची भांडणं काय कमी आहेत?

कामाचा रेटा आहे, म्हणून एवढंच.

भाग्यलक्ष्मी

*

मळा, पणजी
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुला राग आला ते मला कळलं. चार ओळींचं पत्र, लाल शाईसुद्धा नाही. तू किती वेळा सांगितलंस की विरुद्ध जाणारं आधी लिही, आणि मी बिनदिक्कत लिहून मोकळी झाले की काही आढळलं नाही. मी शोधलंच नव्हतं ना. म्हणून विषय बदलून पळ काढण्यापेक्षा मी पुन्हा त्या घरी गेले आणि बाईंना खोदून खोदून विचारलं.

सापडलं, मावशी. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला वास्कोला बंदरावर काम मिळालं. तीन वर्षं दोघं तिथे भाड्याच्या खोलीत राहिली, इथल्या घराला कुलूप. सासू तेव्हा वारली होती. चवथीला मात्र दर वर्षी येऊन गणपती बसवायची, माटोळी बांधायची, विसर्जन करून परत जायची. भाटकाराला हे ठाऊक नाही, तो तेव्हा मुंबईत. तिने स्वतःच्या वकिलालाही सांगितलेलं नाही. घर सोडून गेलीस म्हणजे तुझा हक्क संपला, असं ते म्हणतील अशी तिला भीती वाटते.

आता मी तुला खरं सांगते, कारण हे पत्रातलं भांडण राहिलं नाही. ती बाई म्हणजे आमच्या सायलीची आत्या, यशोदाबाई. गाव आमोणे. नोव्हेंबरात मामलेदारांसमोर तिची जबानी आहे. वास्कोचं सांगायचं की नाही? सायली म्हणते मुळीच नाही. मला काही सुचत नाही. तू म्हणशील तसं करू.

लगेच लिही.

गौरवी

*

मळा, पणजी
३० ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. आईला विचारलं तर म्हणते, ती बरी आहे, देवळात भेटली होती. म्हणजे तू बरी आहेस आणि मला लिहीत नाहीस.

शेवटी आमचं आम्हीच ठरवलं. वास्को नाही. शनिवार-रविवार आम्ही आमोण्याला जातो आणि आत्येची तयारी करून घेतो. सायली मामलेदार होते, मी विरुद्ध बाजूची वकील. आत्ये जनेल उघडून, उजेडात कदेल ओढून बसते. सुरुवातीला ती सारखी घुटमळायची. मी विचारायचे, हे घर सोडून कधी राहिलात? ती म्हणायची, "तशें पळेल्यार...", तसं बघायला गेलं तर, आणि सायली ओरडायची. आता घडाघडा म्हणते, "एक दिवससुद्धा नाही."

कॉलेजात साक्षीदाराला प्रश्न विचारायचा सराव घेतला, त्यात मी पहिली आले. वास्कोच्या त्या मुलीने येऊन हात मिळवला. हे सगळं तुझ्यामुळे झालं, म्हणून तुझा राग असला तरी तुला सांगते.

गौरवी

*

मळा, पणजी
२० नोव्हेंबर २०२४

भाग्यलक्ष्मीमावशी,

काल मी डिचोलीला मामलेदारांच्या ऑफिसात मागच्या बाकावर बसले होते. सायली माझ्या शेजारी. भाटकाराच्या वकिलांचा पुकारा झाला आणि तुम्ही उठलात.

मी सायलीचा हात धरला. ती म्हणाली, "कोण गो ती?" मी म्हटलं, पुढे बघ.

तुम्ही आत्येला नाव विचारलंत, सासूचं नाव विचारलंत, कुळागराचं विचारलंत. आवाज अगदी शांत, जेवलात का विचारावं तसा. आणि मग, "यशोदाबाई, हे घर सोडून तुम्ही दुसरीकडे कधी राहिलात?" आत्येने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, एक दिवससुद्धा नाही. मग तुम्हीही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता वास्को येणार. तुम्ही म्हणालात, "आणखी प्रश्न नाहीत," आणि बसलात.

मी तुम्हाला सगळं लिहीत होते आणि तुम्ही त्यांच्या वकील होतात. केव्हापासून माहीत होतं? पत्रं वाचून त्याच फाईलमध्ये लावलीत का? आणि इतकं माहीत असून विचारलं का नाहीत? आत्येवर दया केलीत, की माझ्यावर? आभार मानायचे की काय करायचं, मला कळत नाही. सायलीला मी काही सांगितलेलं नाही. तिला सांगायला मला तोंड नाही.

गौरवी

*

डिचोली
२४ नोव्हेंबर २०२४

गौरवी,

तुम्ही-आम्ही करून लिहिलंस, ते तुझं बरोबरच आहे.

माटोळीची पितळेची कडी वाचली तेव्हाच मी ओळखलं. जागा बघायला गेले होते तेव्हा ती कडी मी पाहिली होती. भाटकार गोकुळदासबाब माझे जुने अशील, त्यांच्या वडिलांनी मला पहिलं काम दिलं. तेव्हा मी तुला एक ओळ लिहायला हवी होती, की या दाव्यात मी समोरच्या बाजूला आहे. ती लिहिली नाही. थांबव एवढंच म्हटलं, कारण सांगितलं नाही. खरं सांगितलं तर तू मला लिहायची बंद होशील, असं वाटलं. पोस्टमनची वाट बघायची मला सवय लागली होती. एवढं साधं आणि एवढं खोटं कारण.

तू ते रागाचं समजलीस आणि वास्को शोधून आणलंस. मीच शिकवलेलं. ते वाचल्यावर मी कात्रीत सापडले. अशिलाला सांगावं तर तुझा विश्वासघात, न सांगावं तर त्याचा. तुला सल्ला द्यावा तर मी विरुद्ध बाजूची. मग मी काहीच केलं नाही. तुझं ऑक्टोबरचं पत्र तर मी उघडलंही नाही. वाटलं, वाचलं नाही तर माहीत नाही. ते काल उघडलं. तुला उत्तराची गरज होती तेव्हा मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यातून तुम्ही दोघींनी त्या बाईला खोटं शिकवलं.

तो प्रश्न मी प्रत्येक मुंडकार दाव्यात विचारते. त्या दिवशी विचारला तो ती खरं सांगेल या आशेने. तिने तुझ्याकडे पाहिलं तेव्हा मला सगळं कळलं. पुढचा प्रश्न तोंडात होता. तो नाही विचारला, याला दया म्हणू नकोस. मी ज्या माणसाचे पैसे घेतले होते त्याचं काम मी केलं नाही. शुक्रवारी वकालतनामा परत केला. गोकुळदासबाबांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. ते म्हणाले, "भाग्यलक्ष्मी, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

यशोदाबाईंनी काय करावं हे मी सांगू शकत नाही, आजही नाही. तू काय करावं ते सांगते. त्यांचे वकील देवेश, त्यांच्याकडे जा. तुम्ही काय शिकवलंत ते सांग. पुढचं ते बघतील. मला या दाव्याबद्दल लिहू नकोस.

मला फार वाईट वाटतं आहे, गौरवी.

भाग्यलक्ष्मी

*

मळा, पणजी
१९ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. एवढं एकदा वाच.

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस तुझ्यावर नुसती जळत होते. परीक्षा कशी दिली देव जाणे. मग सायलीला सांगितलं. तिने तोंड सोडलं, खोली बदलते म्हणाली आणि खरंच बदलली. देवेश वकिलांकडे मी एकटीच गेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, तीन वर्षं पोटासाठी बाहेर राहिली आणि दर चवथीला परत आली, हे सांगण्यासारखं होतं गं, लपवण्यासारखं नव्हतं. आत्येला जाऊन सांगितलं तर ती सुपारी कातरत म्हणाली, "म्हाका तें सांगपाचेंच आशिल्लें. तुमीच नाका म्हणलें." मावशी, तिला सांगायचंच होतं, आणि ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मामलेदारांनी तिला पुन्हा जबानी द्यायला परवानगी दिली. परवा झाली. भाटकाराकडून पणजीचे नवे वकील होते. आत्येने वास्कोचं सगळं सांगितलं, खोली, नवऱ्याचं काम, चवथीला यायची ते, माटोळी. नीट सांगितलं, एकदाही अडखळली नाही. मग त्या वकिलांनी विचारलं, मागच्या वेळी खोटं बोलायला कुणी शिकवलं?

मी समोर बसले होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "कोणेंच ना. म्हजेच मनान सांगलें."

वकील म्हणाले, "म्हणजे खोटंही मनाने, आणि आता ही चवथीला येण्याची गोष्टही मनानेच. छान." मामलेदार लिहून घेत होते. मी बघत होते, मावशी, तिचं घर त्या लेखणीखाली चाललं होतं आणि ती मला पाठीशी घालत होती. मी उठले. मीच शिकवलं, म्हणाले. मामलेदार म्हणाले, बसा. मी बसले नाही. देवेश वकिलांनी काहीतरी विनंती केली, मग मला पुढे बोलावून शपथ दिली, नाव, गाव, कॉलेज लिहून घेतलं.

नव्या वकिलांनी विचारलं, वास्कोचं तुला केव्हा कळलं? सप्टेंबरात, मी म्हटलं. चवथीला यायची तेसुद्धा? हो. हे तू तेव्हा कुणाला सांगितलंस? एखाद्या वकिलाला, मोठ्या माणसाला? मी म्हटलं, नाही, कुणालाच नाही. ते हसले आणि म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

तुझं नाव मी घेतलं नाही. तू काळजी करू नकोस, ते कुणालाही कळणार नाही. या सगळ्यात तेवढी एक गोष्ट तरी मी नीट केली.

बाहेर आल्यावर आत्येने मी का उठले म्हणून मला खडसावलं, "कित्याक उठलें गो तूं?" आणि बसस्टॉपपर्यंत हात धरून आणलं. कॉलेजला कळलं आहे. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितलाय, कदाचित वर्षभरासाठी काढतील. बाबांना अजून सांगितलं नाही. मामलेदारांकडे युक्तिवादाची तारीख ११ फेब्रुवारी. देवेश वकील म्हणतात, अवघड झालंय. का ते मला कळलं नाही. खरं सांगितलं की, सगळं.

तुझी,
गौरवी

*

डिचोली
२२ जानेवारी २०२५

गौरवी,

उठलीस ते बरोबर केलंस. कॉलेजने काढलं तर काढू दे, वर्षाने परत जाशील. बाबांना आजच सांग, बाहेरून कळायला नको.

पण सगळं खरं सांगितलं म्हणतेस, ते खरं नाही. कुणालाच सांगितलं नाही, हे तू शपथेवर म्हणालीस आणि माझ्यासाठी म्हणालीस. त्याने काय झालं ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. नव्या वकिलाचं म्हणणं एवढंच आहे की वास्को उघडं पडल्यावर चवथीला येण्याची गोष्ट तुम्ही आता बसून रचलीत. ती कुणी सप्टेंबरातच ऐकली असेल, खोटं बोलायचं ठरण्याच्या आधी, तर त्याचं म्हणणं तिथेच कोसळतं. ऐकणारं बाहेरचं माणूस एकच होतं, आणि ते तू पुसून टाकलंस. म्हणून तो हसला. म्हणून देवेशना अवघड वाटतं आहे. त्या बाईने तुला वाचवायला स्वतःचं घर पुढे केलं, आणि तू मला वाचवायला पुन्हा तिचंच घर पुढे केलंस.

देवेशना मी आज दुपारी फोन केला. ११ तारखेला युक्तिवादाच्या आधी ते मला साक्षीदार म्हणून बोलावण्याचा अर्ज करणार आहेत. गोकुळदासबाबांनी मला विश्वासाने जे सांगितलं त्यातलं एक अक्षर मी बोलणार नाही. तू मला जे सांगितलंस आणि केव्हा सांगितलंस, तेवढंच सांगीन. उलटतपासणीत विचारतील, बाई, हे माहीत असून तुम्ही या दाव्यात उभ्या कशा राहिलात? मी म्हणेन, राहिले, चुकले. त्यानंतर डिचोलीत मला कुणी काम देणार नाही, आणि माझ्या सनदेचं काय होईल ते मला माहीत नाही. साक्षीदाराच्या खुर्चीतल्या माणसांना इतकी वर्षं प्रश्न विचारले, आता स्वतः तिथे बसायचं. भीती वाटते गं.

तुलाही परत बोलावतील. तोच प्रश्न विचारतील, कुणाला सांगितलं होतंस? मी समोरच असेन. माझ्याकडे बघून घुटमळू नकोस.

माझं नाव सांग.

भाग्यलक्ष्मी